पोट्ट्यांनी मान हलवली म्हणजे समजलं असं नाही

प्रिय बेटा,

तुझा मोठ्ठा मेसेज वाचला. नववीचं धाराविद्युत, एका पिरियडमध्ये विभवांतर, विद्युतधारा, रोध, ओहमचा नियम, सगळ्यांची एककं, वरून दोन गणितं, पोट्ट्यांनी माना हलवल्या आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर सगळे कोरे. पोट्टे बदमाश नाहीत गं, तू एका दमात लय कोंबलंस.

नवीन गोष्ट कानावर पडली की ती समजेपर्यंत डोक्यात धरून ठेवावी लागते ना, ती धरायची जागाच फार छोटी असते. मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1956 मध्ये साधारण सात गोष्टी म्हटल्या होत्या, कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाने 2001 मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. पण एक गोष्ट म्हणजे केवढी, ते ज्याला आधी जेवढं माहीत त्यावर. 194719561960 हे बारा आकडे कोणाला एकदाच वाचून दाखव, मधेच अडकेल. तेच नागपूरच्या पोट्ट्याला स्वातंत्र्य, दीक्षाभूमी, महाराष्ट्र राज्य असं फोडून सांग, तीनच गोष्टी झाल्या. तुला व्ही बरोबर आयआर (विभवांतर बरोबर धारा गुणिले रोध) हे एकच दिसते, त्यांना तीन अनोळखी अक्षरं, तीन एककं आणि वरून गुणाकार, म्हणून तुला ते सोपं वाटून राहिलं आणि पोरं कुठं अडली हे तुला दिसतच नाही.

त्यात तू फळ्यावर लिहिते, ते उतरवून घेत असतात आणि तू बोलतच राहते. हे बंद कर आधी. बॅडली आणि हिच या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये मांडलं की बोललेलं सांभाळणारा भाग वेगळा आणि चित्र सांभाळणारा वेगळा. सर्किटची आकृती काढता काढता बोललीस तर चालते, पण वाक्यं उतरवणं आणि वाक्यं ऐकणं दोन्ही एकाच भागावर पडतात. नावं पण आकृतीतच लिही, बाजूला क, ख, ग करून यादी नको, पोरं नुसती इकडून तिकडे बघत बसतात.

आता तू विचारलंस की ॲक्टिव्हिटी घेऊ का, बर्डीच्या बाजारातून थर्माकोल, वायर आणून मॉडेल करून घेऊ का. घे, हौस असेल तर, पण पोरगं तेव्हा थर्माकोल कसं चिकटेल याचा विचार करते, रोधाचा नाही, आणि ज्याचा विचार केला तेच लक्षात राहते. त्यापेक्षा साधं विचार, सेल तोच ठेवला, रोध दुप्पट केला, धारेचं काय होईल? प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, कारणासकट, बाजूवाल्याचं न बघता. वर्ग एकदम शांत होईल, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल मॅडम काही शिकवूनच नाही राहिल्या.

आणि दुसऱ्या दिवशी पहिली पाच मिनिटं वह्या बंद, कालचं आठवून कोऱ्या पानावर काढा, मार्क नाहीत. रोडिगर आणि कार्पिके यांचा 2006 चा प्रयोग आहे, कॉलेजच्या पोरांना उतारे दिले, काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे थोडे पुढे होते, पण आठवड्याने वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 56. आपल्याकडे पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री हायलायटर घेऊन पाचव्यांदा वाचतात आणि आईला सांगतात झालं माझं, ते हेच. डोळ्याला ओळखीचं वाटते, आठवत नाही.

गणितांचं मात्र उलटं कर. नवीन असताना 'तुम्हीच सोडवा' नको, स्वेलर या मानसशास्त्रज्ञाने 1988 मध्ये हेच दाखवलं की उत्तर शोधण्याच्या धडपडीतच सगळी जागा जाते, रीत शिकायला काही उरत नाही. दोन गणितं पूर्ण सोडवून दे, तिसऱ्याची शेवटची पायरी गाळ, चौथ्याच्या दोन. जे दोन-चार हुशार आहेत ते कंटाळतील, त्यांना सरळ कोरं गणित दे.

सोमवारी फक्त विभवांतर आणि धारा घे, रोधाला हातच नको लावू. पोर्शन मागे पडला म्हणून सुपरवायझर बोलतील, बोलू दे. आणि मंगळवारच्या त्या कोऱ्या पानांचे फोटो मला पाठव, चुकलेले पाठव, बरोबर आलेल्यांचं मला काही काम नाही.

तुझे सर