वाचकांचे प्रश्न : पावसाळ्यापूर्वी वायपर निवडताना

प्रश्न : गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी गाडीचे पुढचे दोन्ही वायपर नवे बसवून घेतले. गाडी बाराही महिने अंगणात, आंब्याखाली उभी असते. जूनअखेर काचेवर रेघा उठू लागल्या आणि जुलैत आंबा घाटातून रात्री येताना समोरच्या दिव्यांच्या उजेडात काही क्षण रस्ताच दिसेनासा झाला. दुकानदार आता सिलिकॉनचे घ्या म्हणतो, पण त्यांची किंमत बरीच जास्त आहे. ते घ्यावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : घाटातला तो प्रसंग वाचून काळजी वाटली, कारण पावसातल्या रात्री वायपरने दगा दिला तर चालकाच्या हातात फारसे काही उरत नाही. आपल्या वायपरची वाट मात्र जुलैच्या पावसाने नव्हे, तर त्याआधीच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाने लावली, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडचा वायपर फिरून झिजतो त्याहून अधिक उन्हात नुसता पडून राहिल्याने खराब होतो.

काचेला टेकणारी रबराची कड एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. वायपर डावीकडे निघाला की ती उजवीकडे कलते आणि उजवीकडे निघाला की डावीकडे. अशी ती मागे ओढली जाते तेव्हाच पाणी स्वच्छ निपटून निघते. गाडी आठवडेच्या आठवडे उन्हात उभी राहिली की ही कड तापलेल्या काचेवर एकाच बाजूला दाबली जाते आणि तोच बाक तिला कायमचा बसतो. मग वायपर एका दिशेने नीट पुसतो आणि परतताना थडथड उडत येतो. त्यातच अतिनील किरणांनी आणि हवेतल्या ओझोनने नैसर्गिक रबर कडक होते व त्याला बारीक भेगा पडतात. आपण एकदा दांडा उचलून कड डोळ्यांजवळ धरून पाहा. ती सरळ उभी असेल आणि बोटाने लववल्यावर लगेच पूर्ववत होत असेल तर वायपर चांगला आहे. ती एकीकडे झुकलेली असेल किंवा नखाला खरखरीत लागत असेल तर तो बदलावा.

आता सिलिकॉनविषयी. सिलिकॉन उष्णता, ऊन आणि ओझोन यांना साध्या रबरापेक्षा पुष्कळच चांगले तोंड देते, शिवाय काचेवर एक सूक्ष्म थर सोडते, त्यामुळे पाणी पसरून न राहता थेंबाथेंबाने ओघळते. त्याचा दुबळेपणा असा की ते कणखर रबरापेक्षा लवकर फाटते, म्हणून जांभ्याच्या तांबड्या धुळीने माखलेल्या कोरड्या काचेवर ते एकदा जरी फिरवले तरी कड चिरण्याची भीती असते. काच अस्वच्छ असेल तर ते सुरुवातीला आवाजही करते. आपली गाडी उघड्यावर असते, तेव्हा हा खर्च वाया जाणार नाही. तरीही मी आपल्याला आधी स्वस्त मार्ग सांगेन : चांगल्या प्रतीचे साधे रबरी वायपर घ्या, पण ते एप्रिलमध्ये न बसवता मेच्या शेवटच्या आठवड्यात बसवा आणि दर वर्षी हाच क्रम ठेवा. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या जिल्ह्यात कोवळी कड जूनमध्ये हवी, ती उन्हाळ्यात भाजून घेण्यात काही अर्थ नाही.

रबराइतकाच सांगाड्याचाही विचार करावा. लोखंडी सांगाड्याच्या जुन्या पद्धतीच्या वायपरमध्ये अनेक सांधे असतात. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत ते गंजतात, अडकतात आणि काचेवरचा दाब कुठे जास्त तर कुठे कमी पडतो. सांगाडा नसलेल्या चपट्या वायपरमध्ये आतली स्प्रिंग-पोलादाची एकच पट्टी लांबीभर दाब देते, म्हणून किनारपट्टीवर तोच बरा. मात्र काच फार वक्र असेल तर त्याची टोके नीट टेकत नाहीत. बसवल्यावर दुकानासमोरच पाणी टाकून टोकांपर्यंत पुसले जाते का, ते पाहावे.

आपण आंब्याचा उल्लेख केलात तो फार महत्त्वाचा आहे. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकट गोड स्राव पानांवरून काचेवर पडतो आणि वाळून बसतो. त्यावर धूळ व डिझेलचा धूर यांचा थर चढतो. रात्री समोरचा उजेड पसरून दिसतो तो बहुधा या थरामुळे, आणि तो थर असताना कितीही महागडा वायपर आणला तरी रेघा उठणारच. नवे वायपर बसवण्याच्या दिवशी काच आधी भरपूर पाण्याने व मग काच पुसण्याच्या द्रावणाने दोनदा स्वच्छ करावी. रबर ओल्या फडक्यानेच पुसावे. रॉकेल लावण्याची सवय पुष्कळांना आहे, पण रॉकेलने रबर फुगते आणि कडेचा नेमकेपणा जातो. तंबाखू किंवा बटाटा काचेवर चोळणे हा भर पावसात अडल्या वेळचा उपाय आहे. घरी पोहोचल्यावर काच धुवावी.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी उभी करताना वायपर उचलून ठेवावेत का?
— एक वाचिका, फोंडा, गोवा

उत्तर : कडेला बाक बसू नये हा त्यामागचा हेतू योग्य आहे. परंतु उभा ठेवलेला दांडा वाऱ्याने किंवा एखाद्या मुलाच्या हाताने सुटून काचेवर आदळू शकतो, आणि रबरावर ऊन तर पडतच राहते. काही गाड्यांचे वायपर बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात. ते जोराने उचलल्यास बॉनेटचा रंग उडतो. माझ्या मते गाडी सावलीत लावणे किंवा तिच्यावर कापडी आच्छादन घालणे सर्वांत उत्तम. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर दांड्याखाली, हुकाजवळ, स्पंजचा जाड तुकडा ठेवावा, म्हणजे कड काचेपासून जराशी वर राहील. निघताना तो आठवणीने काढावा.

प्रश्न : एक इंच लांब वायपर बसवल्यास जास्त काच पुसली जाईल का? आणि तो घरी बसवता येतो का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : लांबी वाढवू नये. दोन वायपर एकमेकांना किंवा काचेच्या चौकटीला अडतात आणि मोटरवर ताण येतो. चालकाच्या बाजूचा आणि शेजारचा वायपर बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून गाडीच्या पुस्तिकेत पाहून दोन्ही मापे लिहून न्यावीत. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या दांड्याला वळलेला हुक असतो आणि त्यात नवा वायपर पाच मिनिटांत बसतो. खटक्याची किंवा पिनेची जोडणी असेल तर जुना वायपरच दुकानात दाखवावा. जुना काढल्यावर उघडा लोखंडी दांडा स्प्रिंगच्या जोराने खाली आपटला तर काच तडकते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी काचेवर जाड टॉवेल दुहेरी घडी करून पसरावा.