वडिलांना हेपॅटायटिस बी आहे. डॉक्टर रक्तातलं एएफपी (अल्फा-फीटोप्रोटीन नावाचं प्रथिन) तपासायला सांगतात. हे प्रथिन मोठ्या माणसाच्या यकृतात का वाढतं?

कारण कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या यकृतपेशी अनेकदा गर्भावस्थेतलं एएफपीचं जनुक पुन्हा चालू करतात. बाळ पोटात असताना त्याचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं. जन्मानंतर जनुक जवळजवळ बंद पडतं. बंद पडतं म्हणजे डीएनएची अक्षरं बदलत नाहीत. डीएनएवर चिकटलेले मिथाइल गट (छोट्या रासायनिक खुणा) आणि तो ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरच्या खुणा, यांवर कुठलं जनुक वाचलं जाईल ते बरंचसं ठरतं. कर्करोगात या खुणाच विस्कटतात. एएफपीसारखी झोपलेली जनुकं जागी होतात, आणि पेशीविभाजनाला लगाम घालणारं पी१६ सारखं जनुक मिथाइल गटांखाली दबून गप्प होतं. खरं नुकसान या दुसऱ्या प्रकारात; एएफपी मुख्यतः चुगलखोर. त्यात हेपॅटायटिस बीचा विषाणू आपला डीएनए यकृतपेशीच्या डीएनएत घुसवतो, म्हणून सिरोसिस (यकृतावर व्रण साचून ते कडक होणं) नसतानाही कर्करोगाचा धोका राहतो.

मात्र एएफपी वाढलं म्हणजे कर्करोगच असं नाही. हेपॅटायटिस भडकला तरी ते वाढतं, आणि बऱ्याच गाठींमध्ये ते नॉर्मलच असतं. त्यामुळे डॉक्टरांनी दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी सांगितली असेल, तर रक्ताचा रिपोर्ट चांगला आला म्हणून ती टाळू नका.