विकिपीडियावर एडिट काउंट (म्हणजे आपण किती वेळा बदल सेव्ह केले तो आकडा) जास्त असला की मान मिळतो का?
सुरुवातीला थोडा उपयोग होतो, बाकी फार नाही. इंग्रजी विकिपीडियावर खातं ४ दिवस जुनं आणि १० एडिट झाल्या की अर्ध-सुरक्षित पानं (जी अगदी नव्या खात्यांना बदलता येत नाहीत ती) बदलता येतात, मग ५०० एडिट आणि ३० दिवस झाले की अजून काही वादग्रस्त पानं उघडतात, तेवढ्यापुरता आकडा कामाचा. पण एकजण रात्रभर बसून संदर्भांसकट अख्खा लेख लिहून एकदाच सेव्ह करतो त्याची एडिट १, आणि दुसरा एकेक स्वल्पविराम सुधारत पन्नासदा सेव्ह करतो त्याच्या ५० 😄 या आकड्याच्या वेडाला तिकडे गमतीने एडिटकाउंटायटिस म्हणतात. मी तर सरळ त्या माणसाचं सदस्य योगदान, म्हणजे त्याने केलेल्या बदलांची यादी, उघडतो, वीसेक ओळीत कळतं काय ते.