घरच्या सर्व्हरवरची मेल फोनवर कशी आणायची?
घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वतःचा मेल सर्व्हर लावून त्यावरची मेल फोनवर बघता येईल का, हा तुमचा प्रश्न. हो, येईल. फोनचा भाग सोपाच आहे, अवघड आहे ते घरातून मेल पाठवणं.

त्यावर दोन प्रोग्रॅम लागतात: पोस्टफिक्स मेल घेतं आणि पाठवतं, डव्हकॉट ती साठवून फोनला देतं. फोनच्या मेल अ‍ॅपमध्ये आयमॅपसाठी (म्हणजे मेल वाचण्यासाठी) पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, ९९३ आणि पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ टाका. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं फुकट घ्या. स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटवर फोन सारखा इशारा देत राहतो.

आता मुख्य अडचण. घरच्या ब्रॉडबँडवर पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते) बरेचदा बंद असतं, आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता बदलत राहतो, आणि कनेक्शन सीजीनॅटमागे (एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला) असेल तर बाहेरून कुणी तुमच्या राउटरपर्यंत पोचूच शकत नाही. म्हणून सामान विकत घेण्याआधी इंटरनेटवाल्याला फोन करा: स्थिर आयपी, उघडं पोर्ट २५ आणि रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) मिळेल का? नाही म्हणाला तर भाड्याचा छोटा आभासी सर्व्हर, म्हणजे व्हीपीएस, घ्या (ज्यावर पोर्ट २५ चालू असेल असा) आणि तिथून घरापर्यंत वायरगार्डचा बोगदा (सुरक्षित खाजगी जोडणी) टाका. मी तरी हाच मार्ग सुचवेन.

मेल खरंच तुमच्याकडूनच आली हे तपासता यावं म्हणून डोमेनला एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही नोंदी लावा, नाहीतर तुमची मेल थेट स्पॅममध्ये जाईल.

वीज गेली तर काळजी नको. पाठवणारे सर्व्हर सहसा काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात. बॅकअप मात्र पहिल्या दिवसापासून, आणि एसडी कार्डवर नाही.