वाचकांचे प्रश्न : हरणांसाठी चारा पेरावा का?

प्रश्न : सत्तरीत आमची काजूची बागायत असून तिची वरची बाजू जंगलाला लागून आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो आणि शिकारीच्या हंगामात हरणे यावीत म्हणून तो तेथे दरवर्षी जमिनीचा एक तुकडा खास चारा पेरून तयार करतो. पुढच्या वर्षी तो गोव्यात येणार आहे. बागायतीच्या वरच्या पडीक भागात आम्ही असाच चारा पेरावा आणि हरणे येऊ लागली की एखादे टिपावे, अशी त्याची सूचना आहे. जमीन आमच्या स्वतःच्या मालकीची आहे. याला काही हरकत आहे का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : हरकत आहे, आणि ती परवाना काढून दूर होण्यासारखी नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या कलम ९ नुसार परिशिष्टांत नोंदलेल्या वन्यप्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. आपल्या भागात आढळणारी सांबर (ज्याला आपल्याकडे मेरू म्हणतात), भेकर, चितळ, पिसोरी आणि गवा ही सर्व जनावरे त्या परिशिष्टांत येतात. जमीन खासगी असल्याने या बंदीत काहीही फरक पडत नाही, कारण कायद्याचे संरक्षण प्राण्याला आहे. तो कोणाच्या सात-बारावर किंवा कोणाच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर उभा आहे, याचा विचार कायदा करीत नाही.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच आहे. याच अधिनियमाच्या कलम २ मध्ये शिकारीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात ठार मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, हाकारणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे यांचा समावेश होतो. म्हणजे टिपण्याच्या हेतूने चारा पेरून जनावर बोलावणे हे शिकारीची पूर्वतयारी ठरत नाही, तर कायद्याच्या नजरेत ती शिकारच ठरू शकते, मग बंदुकीचा बार उडालेला असो वा नसो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी पहिल्या परिशिष्टातील असेल किंवा गुन्हा अभयारण्यात घडला असेल, तर कैद किमान तीन आणि कमाल सात वर्षांची असून दंड किमान २५ हजार रुपयांचा आहे. आपली बागायत म्हादई अभयारण्याच्या किती जवळ आहे हे आपण लिहिलेले नाही, परंतु सत्तरीचा मोठा भाग १९९९ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्यात मोडतो, हे ध्यानात ठेवावे.

भाच्याला हे स्पष्ट शब्दांत कळवावे, अशी माझी आपणांस कळकळीची विनंती आहे. तो जे करतो ते त्याच्या देशात कायदेशीर असून त्यात त्याचे काही चुकत नाही. पण पाहुण्याच्या हौसेपायी घरच्या माणसावर खटला ओढवू नये.

प्रश्न : वरील विषयाशी माझा संबंध केवळ कुतूहलाचा आहे. परदेशात हरणांसाठी पेरलेला हा चारा नेमका काय असतो आणि तो आपल्याकडच्या वैरणीपेक्षा कसा वेगळा असतो? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : विषय शेतीचा असल्यामुळे तो थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेत ज्या हरणासाठी ही लागवड मुख्यतः केली जाते ते पांढऱ्या शेपटीचे हरीण होय. तेथे शिकारीचा हंगाम, परवाना आणि मारायच्या जनावरांची मर्यादा प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते, आणि १९३७ च्या एका संघीय कायद्यानुसार बंदुका व काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. या व्यवस्थेच्या चौकटीतच चाऱ्याच्या तुकड्यांची ही पद्धत वाढली. अनेक राज्यांत मक्याचा ढीग ओतून त्याच्यावर शिकार करण्यास बंदी आहे, परंतु जमिनीत पेरून उगवलेले आणि जागेवरच उभे असलेले पीक चालते.

तुकडा अर्ध्या एकरापासून दोन-चार एकरांपर्यंतचा असतो. जाणकार माणूस बियाण्याला हात लावण्याआधी मातीचे परीक्षण करून घेतो, कारण जंगलातील मोकळी जागा बहुधा आम्लधर्मी असते आणि पांढऱ्या क्लोव्हरसारखे द्विदल चारापीक मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असल्याशिवाय नीट धरत नाही. त्यासाठी लागणारा चुना पेरणीच्या काही महिने आधी टाकावा लागतो, कारण त्याचा परिणाम सावकाश होतो. द्विदल बियाण्याला रायझोबियम जिवाणूंची प्रक्रिया केली जाते. क्लोव्हरचे बी अतिशय बारीक असल्याने ते मातीत खोल गेले तर उगवतच नाही. ते जवळजवळ पृष्ठभागावरच ठेवून दाबून घ्यावे लागते. एकदा जम बसला की योग्य वेळी कापणी व तण-नियंत्रण करून हे पीक काही वर्षे टिकवता येते. ओट, गहू आणि राय ही पिके उन्हाळ्याच्या अखेरीस पेरली की शरद ऋतूत त्यांची कोवळी पाती मिळतात, तर सलगम व त्या कुळातील इतर पाने कडाक्याची थंडी पडल्यावर गोड होतात आणि हरणे तेव्हाच त्यांच्याकडे वळतात. तुकड्यात तारेच्या जाळीचा एक लहान पिंजरा ठेवून आतले व बाहेरचे पीक यांची तुलना केली जाते. हरणांनी किती खाल्ले, हे त्यावरून समजते. ही युक्ती मला विशेष आवडते, आणि आपल्याकडच्या कुठल्याही चराऊ जमिनीत ती जशीच्या तशी वापरता येईल.

एवढे करूनही ओकच्या झाडांखाली फळांचा सडा पडला की हरणे पेरलेला चारा सोडून जंगलात जातात. पेरणाऱ्याने कितीही मेहनत घेतली तरी जनावराचा कल रानातल्या अन्नाकडे असतो. या पद्धतीवर तेथेही आक्षेप आहेत. १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आलेला, हरणांचा मेंदू पोखरणारा एक असाध्य रोग लाळ व मूत्रातून पसरतो आणि त्याचे घटक मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यामुळे जनावरे एकाच जागी गोळा करणारी कोणतीही गोष्ट धोक्याची ठरू शकते. शिवाय हिवाळ्यात पाला-फांद्यांवर जगणाऱ्या हरणापुढे अचानक धान्याचा ढीग आला, तर त्याच्या पोटातील जिवाणूंना तो बदल पेलवत नाही आणि आम्लता वाढून जनावर भरल्या पोटी मरते. हिरवा चारा या बाबतीत धान्यापेक्षा पुष्कळ बरा.

प्रश्न : नेत्रावळी परिसरात आम्ही घरगुती निवास चालवतो. शिकारीचा प्रश्नच नाही. पाहुण्यांना हरणे दिसावीत व त्यांना छायाचित्रे काढता यावीत एवढ्यासाठी कुंपणाबाहेर चारा पेरावा आणि मिठाचे खडे ठेवावेत, असा विचार आहे. आपला सल्ला काय? (एक वाचक, सांगे)

उत्तर : आपला हेतू चांगला आहे, तरीही मी हे करू नका असेच म्हणेन.

पहिले कारण म्हणजे ज्यांच्यासाठी आपण पेरणार ती जनावरे उघड्यावर रमणारी नाहीत. आपल्या सदाहरित व पानझडी रानांत भेकर बहुधा एकटेदुकटे हिंडते आणि गळलेली फळे, कोवळे कोंब व पाने खाते. पिसोरी तर सशाएवढी आणि इतकी लाजरी, की झुडपांची दाटी सोडून ती सहसा बाहेर येत नाही. मेरू येतो तो मुख्यतः रात्री, जेव्हा आपले पाहुणे झोपलेले असतात. त्याउलट दुसरेच पाहुणे त्या चाऱ्यावर हक्काने येतील. गवा हा आपला राज्यप्राणी, परंतु घराच्या कुंपणाशी रोज संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या गव्यांच्या कळपाचे कौतुक शेजारच्या बागायतदाराला कितपत वाटेल, याचा विचार करावा. रानडुकरे येतील आणि जमीन उकरतील. तृणभक्षी जनावरांच्या मागोमाग बिबटा येतो, आणि बिबट्याला वस्तीत कुत्री व वासरे सहज सापडतात. पुढे जे घडते त्याचा सर्वांत वेदनादायक दाखला आपल्या राज्यातच आहे : जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतील गोळावली येथे, गुरे मारली गेल्याच्या रागातून एका वाघिणीला आणि तिच्या तीन बछड्यांना विष घालण्यात आले. तेथे कोणी चारा पेरला नव्हता हे खरे, परंतु रानातली जनावरे आणि माणसांची गुरे यांच्यातले अंतर मिटले की त्याची किंमत अखेर रानाला चुकवावी लागते. हे अंतर हौसेने कमी करणे मला अजिबात मान्य नाही.

मिठाच्या खड्याबाबतही तेच. ठरावीक जागी मीठ ठेवले की जनावरे ठरावीक वेळी येतात, आणि ही गोष्ट आपल्या आधी चोरट्या शिकाऱ्याच्या ध्यानात येते.

आपल्या स्वतःच्या जमिनीत रानाला उपयोगी पडेल असे काही करण्याची इच्छा असेल, तर मार्ग आहे. रानमोडी या झपाट्याने पसरणाऱ्या तणाने व्यापलेला भाग पावसाआधी मुळासकट साफ करावा. तिच्या दाटीखाली दबलेली देशी गवते पहिल्या पावसानंतर आपोआप वर येतात आणि बियाणे विकत घ्यावे लागत नाही. घरापासून दूर, जंगलाच्या बाजूला आवळा, बेहडा व आंबाडा यांची रोपे लावावीत. ही फळे हरणे आवडीने खातात आणि रवंथ करताना कठीण बिया तोंडातून टाकून देतात, त्यामुळे झाडाचा प्रसारही त्यांच्याकडूनच होतो. यासाठी उभी झाडे मात्र तोडू नयेत. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार गोव्यात झाड तोडण्यास परवानगी लागते, आणि जमीन खासगी वन म्हणून ओळखली गेली असेल तर वनसंवर्धन कायदाही लागू होतो. परदेशी क्लोव्हरचे बियाणे मागवण्याच्या फंदात पडू नये. थंड हवामानातले ते पीक आपल्या जांभ्या मातीत, मुसळधार पावसात आणि पुढच्या उन्हाळ्यात टिकणार नाही.

पाहुण्यांना हरणे निश्चित दाखवायचीच असतील, तर त्यांना बोंडला अभयारण्यातील प्राणिसंग्रहालयात न्यावे.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या नावे शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना आहे. पिकात शिरलेल्या हरणावर ती चालवता येते का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : नाही. शस्त्र बाळगण्याचा परवाना आणि वन्यप्राणी मारण्याची परवानगी या दोन पूर्णपणे स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली मिळते. दुसरी अपवादात्मक परिस्थितीत, कारणे नमूद करून, मुख्य वन्यजीव संरक्षकाच्या किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच मिळू शकते.

प्रश्न : भातकापणीनंतर आम्ही वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या दुसऱ्या पिकाच्या जमिनीत) अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) घेतो. कोवळी पाने फुटली की रात्री मेरू येऊन वाफेच्या वाफे फस्त करतो. जंगलाच्या कडेला दुसरा एखादा चारा पेरला तर तो तेथेच थांबेल का? (एक वाचक, धारबांदोडा)

उत्तर : हा प्रश्न या सदरातील सर्वांत कठीण आहे, कारण त्यामागे खरे नुकसान आहे. काही दिवस तो तेथे थांबेलही. परंतु जंगलाच्या कडेचा चारा संपला किंवा निबर झाला, की जनावर पुढच्या हिरव्या तुकड्याकडे सरकते, आणि तो तुकडा आपला असतो. कडेला चारा पेरून आपण त्याला रानाबाहेरची वाट शिकवलेली असते. अळसांदे द्विदल आहेत, कोवळे आहेत आणि सगळे रान सुकत असताना हिरवे आहेत. परदेशात लोक पैसे खर्चून जे पेरतात तेच आपण घराशेजारी पेरलेले आहे, त्यामुळे त्याहून अधिक रुचकर चारा कडेला उभा करणे व्यवहारात शक्य नाही.

म्हणून खर्च कुंपणावर करावा. मेरू उंच उडी घेतो, तेव्हा छातीएवढ्या कुंपणाचा उपयोग होत नाही; जाळी सात-आठ फुटांची असावी. सौर कुंपण लावायचे असल्यास क्षणभरच झटका देणारे प्रमाणित यंत्र वापरावे. घरातील विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात जनावरांबरोबर माणसेही मरतात. कुंपणाच्या अर्थसाहाय्याची चौकशी विभागीय कृषी कार्यालयात पेरणीआधीच करावी, आणि नुकसान झाल्यास शेत आवरण्यापूर्वी छायाचित्रे काढून भरपाईसाठी वन खात्याकडे लगेच अर्ज करावा. शेतकऱ्यांनी आपापले वाफे निरनिराळे वेढण्याऐवजी सलग वायंगणाला एकच कुंपण घातले, तर प्रत्येकाचा खर्च बराच कमी होतो. हळदीला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून जंगलाच्या बाजूच्या उंच जमिनीत पावसाळी पीक म्हणून तिचा विचार करता येईल. अळसांदे मात्र घराकडच्या बाजूला घ्यावेत, आणि पहिली पाने फुटण्याआधी जाळी उभी झालेली असावी. मेरूला एकदा त्या वाफ्यांची चव लागल्यानंतर घातलेले कुंपण तो पुन्हा पुन्हा तपासत राहतो.