‘मलाच का झाले?’ या प्रश्नाविषयी

प्रिय विद्यार्थिमित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या आवरणावर हल्ला करते, त्या आजाराच्या) एका रुग्णाने ‘डॉक्टर, हे मलाच का झाले?’ असे विचारले आणि तू ‘ड जीवनसत्त्व कमी असल्यामुळे’ असे सांगून मोकळा झालास, हे वाचून लगेच लिहावयास बसलो. तुझ्या उत्तरात तथ्याचा अंश आहे. परंतु ज्या आपल्या देशात ही कमतरता घरोघरी आढळते, तेथे हा आजार उत्तर युरोपच्या मानाने विरळच आहे, याची संगती त्या उत्तराने लागत नाही.

आज सर्वांत भक्कम पुरावा लाळेतून पसरणाऱ्या एपस्टाईन-बार या विषाणूविषयीचा आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी 2022 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास तू मुळातून वाच. अमेरिकी सैन्यदलात एचआयव्हीच्या तपासणीसाठी वेळोवेळी घेतलेल्या रक्तातील उरलेले सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) जपून ठेवलेले होते, म्हणून आजार उद्भवण्याच्या कितीतरी आधीचे नमुने त्यांच्या हाती लागले. तपासलेल्या 801 रुग्णांपैकी 35 जणांना पहिल्या नमुन्याच्या वेळी या विषाणूचा संसर्ग झालेला नव्हता. त्यांपैकी 34 जणांना आजार सुरू होण्यापूर्वी तो संसर्ग झाला. संसर्गानंतर धोका 32 पटींनी वाढलेला दिसला, आणि लाळेतून पसरू शकणाऱ्या सायटोमेगॅलो या दुसऱ्या विषाणूच्या बाबतीत मात्र तशी वाढ आढळली नाही. चेतातंतूंच्या हानीची खूण असलेले प्रथिनदेखील संसर्गानंतरच वाढले होते, त्यामुळे आजारामुळेच संसर्ग होत असावा, ही शंकाही उरत नाही. तथापि, जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू असतो आणि त्यांतील बहुतेकांना काहीही होत नाही. म्हणजे तो बहुधा आवश्यक आहे, पण एकटा पुरेसा नाही.

ही उरलेली जागा जनुके, किशोरवयातील लठ्ठपणा, कमी सूर्यप्रकाश आणि धूम्रपान मिळून भरतात. धूम्रपानाने धोका साधारण दीडपट होतो. मात्र स्वीडनमधील अभ्यासांत तेथील ओठाखाली ठेवण्याच्या तंबाखूने तो वाढलेला दिसला नाही, म्हणून दोष धुरामुळे फुप्फुसांत होणाऱ्या दाहाकडे जातो. (यावरून आपल्याकडे कुणी मशेरीला निर्दोष ठरवू नये, तिचे इतर पराक्रम तू वॉर्डात पाहिलेच आहेस.) बालपणीच्या परिसराचे महत्त्वही विसरू नकोस: ब्रिटनमध्ये गेलेल्या दक्षिण आशियाई लोकांत हा आजार कमी होता, परंतु तेथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये तो स्थानिकांच्या जवळपास पोहोचला.

तेव्हा रुग्णाला एकच कारण सांगू नकोस. विशेषतः आईवडिलांनी मुलाला उन्हात खेळू दिले नाही म्हणून हे झाले, असा अर्थ निघेल असे तर मुळीच बोलू नकोस. तो सल पुढे वर्षानुवर्षे घरात राहतो. मात्र निदानानंतरही धूम्रपान चालू ठेवल्यास आजार वेगाने बळावतो, हे ठाऊक असताना, तुझा रुग्ण सिगारेट ओढतो का, याचा तुझ्या पत्रात कुठेच उल्लेख नाही. पुढच्या भेटीत आधी ते विचार आणि मला कळव.

तुझा,
जुना शिक्षक