शिलेदार आणि बारगीर: घोडा कुणाचा?

हर्णैहून एकांनी विचारलंय, ‘नेत्याचे निष्ठावंत शिलेदार’ हा प्रयोग बरोबर आहे का? शिलेदार आणि बारगीर दोघेही घोडेस्वारच, मग फरक काय?

फरक एवढाच की घोडा कुणाचा. शिलेदार हा फारसी ‘सिलाहदार’, म्हणजे हत्यार बाळगणारा. हा घोडा आणि हत्यार घरचं घेऊन चाकरीला यायचा. बारगिराच्या मांडीखालचा घोडा सरकारी पागेतला, म्हणजे सरकारने पोसलेल्या घोडदळातला.

पागा पोसणं हा खर्चाचा खड्डा. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्यांना एक पखालजी व एक नालबंद. म्हणजे घोडा घेतला की त्याचं पाणी वाहणारा आणि नाल ठोकणाराही पोसणं आलं. तरीही पागा भारी ठेवावी, शिलेदार तिच्या दाबात असावेत, असंच धोरण होतं. कारण उघड आहे. ज्याचा घोडा त्याचाच, तो बिनसलं तर घोड्यासकट निघून जाणार!

हर्णैच्या बंदरात हे समजायला अवघड नाही. वारा फिरला की होडीचा मालक आधी होडीचा विचार करतो. शिलेदाराचंही तेच. घोडा पडला तर त्याची पुंजी आणि पत दोन्ही जायची. चटकन छापा घालून पसार व्हायचं, रसद तोडायची, ही गनिमी काव्याची लढाई त्याला मानवणारी. (‘कावा’ हा मुळात घोडा गोल फिरवण्याचा शब्द, लबाडीचा अर्थ नंतरचा.) तोफांच्या आडोशाने एका जागी उभं राहायचं तर पगारी पायदळ लागतं. पानिपतावर १७६१ मध्ये हाच पेच होता. मल्हारराव होळकरांचा कल गनिमी काव्याकडे, तर सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांची भिस्त इब्राहिमखान गारद्याच्या तोफांवर आणि ‘गोलाच्या लढाई’वर, म्हणजे सैन्याने फळी न मोडता एकत्र राहून लढण्यावर. गारद्यांना, म्हणजे या कवायती पायदळाला, रोख पगार लागे, तो थकला की कटकटी सुरू. दोष एका बाजूला टाकण्यात अर्थ नाही, पण स्वतःच्या घोड्यावरच्या माणसाला गोलात कोंडणं कठीणच, असं मला वाटतं.

तेव्हा ‘निष्ठावंत शिलेदार’ हा प्रयोग आता रुळला आहे, चूक म्हणत नाही. पण जुन्या अर्थाने पाहिलं तर पक्षाच्या चिन्हावर आणि पैशावर निवडून येणारा तो बारगीर. स्वतःचा गट आणि पैसा घेऊन आलेला, उद्या तो घेऊन दुसरीकडे जाऊ शकणारा, तो खरा शिलेदार.

एक मात्र टाळावं. हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या माहितीत ‘आरमाराचे शिलेदार’ असं कुणी लिहिलं तर खटकतं. गुराबा आणि गलबतं ही लढाऊ जहाजं सरकारी. त्यांवर सारंग आणि तांडेल हे जहाजावरचे म्होरके, आणि खलाशी. आणि कोकणी पायदळातल्या बंदूकबाजांना ‘हेटकरी’ हा आपला खास शब्द आहेच, तो वापरावा.